उसाच्या काट्याचा सी कोड एका नियमात बदलायची रीत: कॉक्सिनेलची हातओळख

गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या कुपवाड एमआयडीसीतल्या शेडमध्ये एकच घाई उडते. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे इंडिकेटर, गाडी नोंदणीचे प्रोग्राम, पावती छापणारं मशीन, सगळं सी भाषेत लिहिलेलं. कोड वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हातांतून गेलेला. त्यात एक फंक्शन आहे, समजा त्याचं नाव काटा_रीड. पोर्ट नंबर द्यायचा आणि काट्याकडून वजन येईपर्यंत थांबून राहायचं. सिरियल केबल ढिली झाली की प्रोग्राम तिथंच अडकतो आणि मागं ट्रॅक्टरची रांग लागते. उपाय सोपा आहे: ठरावीक मिलिसेकंदच थांबणारं आणि वेळ संपली की काटा_एरर परत देणारं नवं फंक्शन. ते लिहायला एक दुपार पुरते. अवघड आहे ते जुनं फंक्शन जिथं जिथं वापरलंय ती प्रत्येक जागा बदलणं.

वालचंद कॉलेजातून इंटर्नशिपला आलेली मुलं लगेच म्हणतात, "सर, सेडनं पाच मिनिटांत होईल की." सेड म्हणजे फाइलीतला मजकूर शोधून बदलणारी कमांड. होतंही, पण अर्धवट. सेडला ओळ आणि अक्षरं एवढंच दिसतं. कॉल दोन ओळींत मोडून लिहिला असेल तर तो सुटतो. काटा_रीड_रॉ नावाचं दुसरं फंक्शन असेल तर त्याचंही नाव बिघडतं. कॉमेंट आणि एररचा मजकूरही त्याच्या तडाख्यातून सुटत नाही. फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये पुन्हा कंस आले, की रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे सेडचा मजकूर शोधायचा साचा, हात टेकतं.

अशा कामासाठी कॉक्सिनेल हे साधन आहे. ज्युलिया लॉअल, जिल म्युलर, योआन पाडिओलो आणि रेने हान्सेन या संशोधकांनी फ्रान्स आणि डेन्मार्कमध्ये ते लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, बनवलं आणि २००८ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. त्यांच्यासमोरचा प्रश्न आपल्यासारखाच होता, आकार फक्त प्रचंड. कर्नलमधलं एक फंक्शन बदललं की शेकडो ड्रायव्हर बदलावे लागत. पहिल्या दहा वर्षांत कर्नलमधल्या सहा हजारांहून जास्त कमिट (नोंदवलेले बदल) या साधनाच्या मदतीनं झाल्या. आपण नेहमी डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधल्या फरकाच्या यादीत, बघतो त्याच वजा-अधिकच्या खुणांनी बदल लिहायचा, पण तो एका फाइलीतल्या एका जागेसाठी नाही, तशा आकाराच्या प्रत्येक जागेसाठी. अशा नियमाला सिमँटिक पॅच म्हणतात आणि तो चालवणारी कमांड म्हणजे स्पॅच.

एक सूचना आधीच. खालचे कोडचे नमुने उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. फाइलीत लिहिताना एक्स्प्रेशन, आयडेंटिफायर, टाइप, इफ, व्हेन हे सगळे शब्द नेहमीसारखे रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायचे.

तयारी

उबंटू किंवा डेबियनवर "सुडो ॲप्ट इन्स्टॉल कॉक्सिनेल", फेडोरावर तेच डीएनएफनं. पॅकेज मिळालं नाही तर ओपॅम या ओकॅमलच्या पॅकेज मॅनेजरमधून घ्या, कारण साधन ओकॅमल भाषेत लिहिलेलं आहे. विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) उबंटू टाकून तिथं काम करा, बाकी खटपट करू नका. "स्पॅच --व्हर्जन" उत्तर देतंय का ते पाहिलं की झालं.

मग गिटमध्ये नवी ब्रँच काढा. कमिट न केलेला एकही बदल शिल्लक ठेवू नका. पुढं स्पॅच थेट फाइली बदलणार आहे. काय त्यानं केलं आणि काय तुमचं आधीचं होतं, हे वेगळं काढण्यात संध्याकाळ जाते.

आधी बघा, त्याला तुमचा कोड वाचता येतो का

बहुतेक जण ही पायरी सोडतात. माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. स्पॅच कोड कंपाइल करत नाही, प्रीप्रोसेसरही चालवत नाही. मॅक्रो, इफडेफ सगळं जसंच्या तसं ठेवून तो कोड समजून घ्यायचा प्रयत्न करतो. म्हणूनच बदललेला कोड तुम्ही लिहिल्यासारखा दिसतो, मॅक्रो फुटलेले नसतात. पण याची एक किंमत आहे. एखादं फंक्शन त्याला वाचता आलं नाही, तर तो ते सोडून पुढं जातो. थांबत नाही, लाल अक्षरांत ओरडत नाही. तुम्हाला वाटतं सगळीकडे बदल झाला, आणि नेमकं इंटरप्टमधलं फंक्शन जुन्यासारखंच राहिलेलं असतं.

म्हणून नियम लिहायच्या आधी हे चालवा:

```
स्पॅच --पार्स-सी सोर्स/
```

किती ओळी नीट वाचल्या, किती नाहीत आणि अडचण कुठं आली याचा हिशोब मिळतो. लिनक्सवर चालणाऱ्या साध्या सी प्रोग्राममध्ये फारसं काही अडत नाही. मायक्रोकंट्रोलरच्या कोडमध्ये मात्र हमखास अडतं. ८०५१ साठी केल कंपायलरवर लिहिलेल्या कोडमध्ये एसबिट असतं, एक्सडेटा असतं, फंक्शनच्या नावापुढं "इंटरप्ट १" लिहिलेलं असतं. हे प्रमाणित सी नाही, स्पॅचला ते कळत नाही.

अशा काही शब्दांवर सोपा इलाज आहे. एक छोटी हेडर फाइल करा आणि त्यात ते शब्द रिकामे करून टाका:

```
#डिफाइन एक्सडेटा
#डिफाइन __रॅमफंक
```

आणि कमांडला "--मॅक्रो-फाइल" म्हणून ती द्या. ती फक्त स्पॅचसाठी असते, तुमच्या बिल्डमध्ये ती कुठंही जोडायची नाही. "इंटरप्ट १" सारख्या गोष्टी या युक्तीनं जात नाहीत, कारण शब्द गेला तरी मागचा आकडा उरतो. अशा फंक्शनांची यादी कागदावर काढा, ती शेवटी हातानं करायची.

पहिला नियम: काही न बदलणारा

एकदम वजा-अधिक लिहायला बसू नका. आधी फक्त शोधा. काटा.कॉक्सी नावाची फाइल करा:

```
@@
@@
* काटा_रीड(...)
```

ॲट चिन्हांच्या दोन जोड्यांच्या मधे नियमातल्या व्हेरिएबलची घोषणा असते, इथं ती रिकामी आहे. तीन टिंबं म्हणजे कंसात काहीही असो. तारा म्हणजे फक्त दाखव. चालवायचं असं:

```
स्पॅच --एसपी-फाइल काटा.कॉक्सी --डिर सोर्स --इन्क्लूड-हेडर्स
```

उत्तर डिफसारखं दिसतं, सापडलेल्या ओळींपुढं वजाची खूण असते. ते पॅच म्हणून लावायचं नाही, ती नुसती यादी आहे. "--इन्क्लूड-हेडर्स" विसरू नका. डिरेक्टरी दिली की स्पॅच एरवी फक्त सीच्या फाइली बघतो. हेडरमधली स्टॅटिक इनलाइन फंक्शनं त्याशिवाय सुटतात.

आता ही यादी "गिट ग्रेप काटा_रीड" या साध्या मजकूर-शोधाच्या यादीशेजारी ठेवा. ग्रेपमध्ये आहे आणि स्पॅचमध्ये नाही, अशी प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासा. काही कॉमेंट असतील, काही फंक्शनची व्याख्या किंवा प्रोटोटाइप. त्या सुटल्या ते बरोबरच झालं. काही ठिकाणी फंक्शन पॉइंटर म्हणून नुसतं नाव दिलेलं असेल, पुढं कंस नसेल. काही मॅक्रोच्या व्याख्येत असतील, तिथं स्पॅचचा भरवसा नाही. आणि काही त्या न वाचलेल्या फंक्शनांमधल्या. कामाची खरी यादी ही.

आता बदल

```
@@
एक्स्प्रेशन पी;
@@
- काटा_रीड(पी)
+ काटा_रीड_टाइमआउट(पी, ५००)
```

एक्स्प्रेशन पी म्हणजे तिथं कुठलंही एक्स्प्रेशन चालेल: साधा आकडा, स्ट्रक्चरचा भाग, दुसऱ्या फंक्शनचा कॉल, काहीही. कॉल एका ओळीत आहे की तीन ओळींत, इफच्या अटीत आहे की बेरजेच्या मध्ये, याची फिकीर नाही. मोकळ्या जागा आणि नव्या ओळी त्याच्या लेखी नाहीतच.

मात्र एक खड्डा आहे. समजा नवं काटा_रीड_टाइमआउट तुम्ही आतून जुनंच काटा_रीड वापरून लिहिलंय. मग वरचा नियम त्याच्या पोटातला कॉलही बदलेल आणि ते फंक्शन स्वतःलाच हाक मारत बसेल. कंपायलर काही बोलेलच असं नाही. तेवढं फंक्शन वगळायचं असेल तर:

```
@@
आयडेंटिफायर एफ != काटा_रीड_टाइमआउट;
एक्स्प्रेशन पी;
@@
एफ(...) {
<...
- काटा_रीड(पी)
+ काटा_रीड_टाइमआउट(पी, ५००)
...>
}
```

कोनाच्या खुणेसह लिहिलेल्या टिंबांचा अर्थ, आत हे शून्य किंवा कितीही वेळा सापडू दे. निदान एकदा सापडलंच पाहिजे असं हवं असेल तर कोनाच्या खुणेला अधिक जोडायचं.

नियम नीट लिहिलाय का हे "--पार्स-कॉक्सी" नं तपासता येतं. त्यानंतर एक छोटी चाचणी फाइल करा आणि कॉल जितक्या तऱ्हांनी लिहिला जातो तितक्या सगळ्या तऱ्हा तिच्यात घाला: घोषणेतच, इफच्या आत, रिटर्नसोबत, कंसात मधेच कॉमेंट असलेला. ज्या ठिकाणी बदल व्हायला नको ती ठिकाणंही घाला. वजाच्या ओळीत मध्येच असलेली कॉमेंट कोडबरोबर निघून जाऊ शकते, म्हणून जेवढं खरंच बदलायचं तेवढ्यालाच वजा लावायची सवय ठेवा. फक्त नाव बदलत असेल तर नावाची ओळ वेगळी करा आणि कंसाची ओळ खुणेशिवाय खाली लिहा.

"--इन-प्लेस" दिल्याशिवाय स्पॅच फाइलींना हात लावत नाही, नुसता डिफ छापतो. तो वाचा. मन भरलं की "--इन-प्लेस" लावा आणि लगेच "गिट डिफ" बघा. कोड मोठा असेल तर "--जॉब्स ४" दिल्यावर काम चार प्रोसेसमध्ये वाटलं जातं.

टिंबांचा खरा अर्थ

दोन ओळींच्या मधली टिंबं म्हणजे "मधे काहीही मजकूर" असं नवख्याला वाटतं. तसं नाही. टिंबं म्हणजे प्रोग्राम चालताना या ओळीपासून त्या ओळीपर्यंत जाणारी वाट. इफ, लूप, गोटू, मधूनच होणारं रिटर्न, या सगळ्यांतून जाणाऱ्या वाटा स्पॅच काढतो. हे एकदा डोक्यात बसलं की या साधनाची खरी ताकद कळते.

काट्याचंच उदाहरण घ्या. आता फंक्शन काटा_एरर परत देऊ शकतं. ती किंमत न तपासता वजन पावतीवर गेलं तर शेतकरी दारात उभा राहील. काटामारीचा विषय आमच्याकडे किती तापतो हे सांगायला नको. तर न तपासता छापलं जाणारं वजन शोधू:

```
@@
लोकल आयडीएक्स्प्रेशन वजन;
@@
* वजन = काटा_रीड_टाइमआउट(...);
  ... व्हेन != वजन == काटा_एरर
      व्हेन != वजन != काटा_एरर
* पावती_छापा(..., वजन, ...)
```

वाचायचं असं: वजन घेतलं, पुढं एखाद्या वाटेवर ते काटा_एररशी ताडून न बघता थेट पावती छापली, अशी प्रत्येक जागा दाखव. ही तपासणी इफ-एल्सच्या एकाच फांदीत असेल आणि दुसऱ्या फांदीतून वाट सरळ पावतीकडं जात असेल, तर ती जागा पकडली जाते. हे ग्रेपला जन्मात जमणार नाही.

इथं एक भेद लक्षात घ्या. ताऱ्याच्या नियमात एक जरी तशी वाट सापडली तरी ती दाखवली जाते. वजा-अधिकच्या नियमात मात्र टिंबांची अट सगळ्या वाटांना लागू व्हावी लागते, तेव्हाच बदल होतो. सावधगिरीसाठी ते तसंच योग्य आहे. ताऱ्यानं दाखवलेली जागा वजा-अधिकनं बदलली नाही, तर गोंधळून जाऊ नका, कारण बहुधा हेच असतं.

मॅलॉक आणि मेमसेट

जुन्या कोडमध्ये मेमरी मागायची, नल आहे का बघायचं आणि मग शून्य भरायचं, हा तिहेरी प्रकार जागोजागी असतो. त्याच्या जागी मेमरी मागणं आणि शून्य भरणं एकदम करणारं कॅलॉक टाकायचा नियम:

```
@@
टाइप टी;
एक्स्प्रेशन एक्स, एन;
स्टेटमेंट एस;
@@
- एक्स = (टी)मॅलॉक(एन);
+ एक्स = कॅलॉक(१, एन);
  इफ (एक्स == नल) एस
- मेमसेट(एक्स, ०, एन);
```

या नियमात "एक्स == नल" लिहिलंय, पण कोडमध्ये "!एक्स" असलं किंवा "नल == एक्स" असलं तरी जुळतं. मॅलॉकच्या आधीचा (टी) हा कास्ट, म्हणजे टाइप बदलायची खूण, नसला तरी जुळतं. हे समानार्थी प्रकार कॉक्सिनेलबरोबर येणाऱ्या एका फाइलीत लिहिलेले असतात. म्हणून नियमात कास्ट आवर्जून लिहावा: लिहिला तर दोन्ही प्रकार सापडतात, गाळला तर कास्टवाले सुटतात.

जुळत नाही ते मात्र हे: मॅलॉकमध्ये साइझऑफ(*एक्स) आणि मेमसेटमध्ये साइझऑफ(स्ट्रक्ट गाडी). तुमच्या माझ्या दृष्टीनं आकार तोच, पण एन एकदा ज्या एक्स्प्रेशनला जुळला, त्याच लिखाणाला दुसऱ्यांदा जुळला पाहिजे. अशा जागांसाठी वेगळा नियम लिहा. आणि मॅलॉकमध्येच "संख्या * आकार" असा गुणाकार असेल तर त्याचे दोन भाग कॅलॉकच्या दोन पॅरामीटरमध्ये टाकणारा नियम वरच्याच्या आधी ठेवा. कॅलॉक गुणाकार मर्यादेबाहेर गेला तर नल परत देतं, हा फुकटचा फायदा.

नाव तेच, स्ट्रक्चर वेगळं

वजन हे नाव दहा स्ट्रक्चरमध्ये असतं. गाडीचं वजन वेगळं, काट्याचं वेगळं. फक्त काट्याच्या स्ट्रक्चरमधलं नाव बदलायचं असेल तर घोषणेत टाइपच द्यायचा:

```
@@
स्ट्रक्ट काटा *के;
@@
- के->वजन
+ के->निव्वळ_वजन
```

पॉइंटरऐवजी स्ट्रक्चरच असेल तर टिंबाचा दुसरा नियम लागतो. यासाठी स्पॅचला टाइपची माहिती हवी आणि ती हेडरमध्ये असते. "--ऑल-इन्क्लूड्स" किंवा "--रिकर्सिव्ह-इन्क्लूड्स" द्या, हेडर वेगळ्या फोल्डरात असतील तर "-आय" नं त्याचा पत्ता द्या. वेळ जास्त लागतो. टाइप नियमात नसेल तर हे पर्याय उगाच लावू नका.

झाल्यावर

कंपाइल करा, हे सांगायला नको. नवी वॉर्निंग एकही चालणार नाही. वागणूक बदलायची नव्हती, नुसतं नाव किंवा रचना बदलायची होती, तर त्याहून कडक कसोटी आहे: डीबग माहिती न घालता आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल बनवा आणि त्या ताडून बघा. तंतोतंत सारख्या निघाल्या तर वाद मिटला. लाइन नंबर छापणारे मॅक्रो असतील तर तेवढा फरक दिसेल. काटा_रीडसारख्या बदलात ही कसोटी लागू नाही, तिथं केबल काढून प्रत्यक्ष इंडिकेटरवरच बघावं लागतं.

मग पुन्हा "गिट ग्रेप". उरलेली प्रत्येक ओळ आधीच्या यादीत असली पाहिजे. नसेल तर ती स्पॅचनं का सोडली ते शोधा.

जागा पाच-दहाच असतील तर या सगळ्याच्या नादी लागू नका, एडिटरमध्ये हातानं उरका. सी++ च्या कोडवर याचा भरवसा धरू नका. दुसऱ्या भाषांत असं काही हवं असेल तर सेमग्रेप बघा. त्याचं मूळही याच पाडिओलोंच्या पुढच्या कामात आहे.

ज्यांना कर्नलमध्ये पहिला पॅच द्यायचाय त्यांनी कर्नलच्या सोर्समधलं स्क्रिप्ट्स फोल्डर उघडून कॉक्सिनेलचं उपफोल्डर वाचावं. तयार नियमांचा खजिना आहे तिथं. "मेक कॉक्सीचेक मोड=रिपोर्ट" आणि "एम=" पुढं एखाद्या ड्रायव्हरचं फोल्डर दिलं की ते सगळे नियम त्यावर चालतात. कराड-सांगलीच्या कॉलेजांतली मुलं वर्षभर प्रोजेक्टचा विषय शोधत असतात, त्यांना हा बरा.

शेवटचं काम कमिटचं. कर्नलवाल्यांची एक पद्धत उचलण्यासारखी आहे: कमिट मेसेजमध्ये पूर्ण सिमँटिक पॅच चिकटवायचा. तपासणाऱ्याला हजार ओळींचा डिफ वाचायची गरज राहत नाही, तो नियम वाचतो, चालवतो आणि तोच डिफ येतो का बघतो. हातानं केलेल्या जागा वेगळ्या कमिटमध्ये टाका, म्हणजे ही पडताळणी बिघडत नाही. आमच्याकडं याचा आणखी एक उपयोग होतो. प्रत्येक कारखान्याची ब्रँच वेगळी असते, कुणाकडं गेल्या हंगामाचा कोड, कुणाकडं त्याच्या आधीचा. पॅच एका ब्रँचवरून दुसरीवर नेला की कॉन्फ्लिक्टची माळ लागते. नियमाची फाइल रिपॉझिटरीत ठेवली असेल तर जुन्या ब्रँचवर जायचं आणि पार्स-सीपासून पुन्हा तीच कमांड चालवायची.